डोंग्याच्या गाडीला ब्रेक

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीवरून जाणारा मोठा रस्ता सरकारदरबारी 2010 पासून 53 नंबरचा आहे. गाव अजून त्याला सहा नंबरच म्हणतं. हा रस्ता सुरतेजवळ हजिऱ्याला निघतो आणि ओडिशात पारादीप बंदरावर जाऊन थांबतो. म्हणजे पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंगालचा उपसागर आणि साधारण मधोमध लाखनी. दोन समुद्रांच्या मध्ये राहणाऱ्या माणसांना रस्त्यावरून बोट जाताना दिसली, तर त्यात नवल वाटायचं कारण नाही.

आणि बोट जाते. आमच्या भागातल्या एका मच्छीमार सोसायटीला कुठल्याशा योजनेतून फायबरची बोट मिळाली. ती एका तलावातून दुसऱ्या तलावात न्यायची कशी, हे योजनेत नव्हतं. म्हणून सोसायटीने वर्गणी काढून दोन चाकांची एक गाडी वेल्डिंग करून घेतली. बोट फायबरची असली तरी तोंडातला शब्द जुनाच, त्यामुळे गाडीचं नाव पडलं 'डोंग्याची गाडी'. ही गाडी ट्रॅक्टरच्या हुकाला अडकवतात, बोट तिच्यावर बांधतात, आणि एवढी बोट रिकामी कशाला न्यायची म्हणून सभासद बोटीतच बसतात. सोबत जाळी, बर्फाची थर्माकोलची पेटी, जेवणाचे डबे, एखादी सायकल आणि एखाद्याचा पाहुणा आलेला जावई. नाकावर बसलेल्याच्या हातात वल्हं उभं असतं. रस्त्यावर वल्ह्याचं काय काम, असं विचारू नये. कुत्री बाजूला करायला ते बरं पडतं.

या दृश्याकडे लाखनीत कोणी मान वळवून पाहत नाही. पाहिलं ते माझ्या भाच्याने. तो अमेरिकेत मिनेसोटात असतो, डिसेंबरच्या सुट्टीत आला होता. त्याला बोटीतली माणसं खटकली नाहीत, वल्हं खटकलं नाही, जावईसुद्धा खटकला नाही. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "मामाजी, याला ब्रेक कुठे आहे?"

ट्रॅक्टर तेव्हा चहासाठी थांबला होता. प्रश्न माझ्याकडून ड्रायव्हरकडे गेला, ड्रायव्हरकडून बोटीत गेला आणि बोटीतून सामुदायिक उत्तर आलं, "ट्रॅक्टरले हाय ना जी!"

हे उत्तर आमच्याकडे पुरेसं मानलं जातं. ट्रॅक्टरला ब्रेक आहे, ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली आहे, सबब ट्रॉलीलाही ब्रेक आहे. तर्कशास्त्रात यात चूक काढता येत नाही, पदार्थविज्ञानात येते. ट्रॅक्टर असतो दोन टनांचा. धान भरलेली ट्रॉली असते चार-पाच टनांची. दोन टनांनी थांबायचं ठरवलं म्हणून पाच टनांनी ऐकावं, असा नियम निसर्गात नाही, घरातही नाही. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की लग्नाच्या पंगतीत मागचा माणूस पुढच्याच्या पाठीशी येऊन उभा राहतो तशी ट्रॉली मागून रेटायला लागते. उतारावर हा रेटा जरा तिरका बसला की ट्रॅक्टर आडवा आणि ट्रॉली त्याच्या पुढे.

त्यात ट्रॅक्टरच्या ब्रेकचंही एक गुपित आहे, ते शहरातल्या माणसाला माहीत नसतं. त्याला ब्रेकचे दोन पायडल असतात, एक डाव्या मागच्या चाकाचा आणि एक उजव्याचा. धानाच्या बांधीत वळताना एकच चाक धरून ठेवलं की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो, म्हणून ही सोय. रस्त्यावर आलं की दोन्ही पायडल खटक्याने जोडून घ्यायचे. ही शेवटची ओळ कंपनीच्या पुस्तकात असते, आणि पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, कागदपत्रांच्या खाली. बांधीतून थेट रस्त्यावर आलेला गडी घाईत एकच पायडल दाबतो. मग ट्रॅक्टर थांबत नाही, वळतो, आणि ज्याच्या घराकडे वळतो त्याच्याशी त्या दिवसापासून ओळख होते.

कायदा तरी काय म्हणतो, म्हणून मी 1988 चा मोटार वाहन कायदा काढून बसलो. त्यात मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर धरलेला आहे. म्हणजे इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, दिवा नाही, तरी आमची डोंग्याची गाडी मोटारच. तिला एवढा मान कोणी दिला असेल असं तिच्याकडे पाहून वाटत नाही. आणि ट्रॅक्टर म्हणजे काय? तर जे वाहन स्वतःवर भार वाहण्यासाठी बनवलेलं नाही ते. ही व्याख्या करणाऱ्याने दोन्ही मडगार्डवर बसलेली माणसं, मागे हुकावर उभा असलेला एक आणि ड्रायव्हरच्या मांडीवर स्टिअरिंग धरून बसलेला त्याचा पोरगा पाहिलेला नसावा.

भाच्याला मी म्हणालो, ब्रेक नाही असं नको समजू. ब्रेक तो काय मागे बसला आहे.

बोटीच्या शेवटच्या टोकाला एक पोरगा पाय सोडून बसला होता. त्याच्या मांडीवर एक दगड होता. चढावर ट्रॅक्टर थांबला की याने उडी मारायची आणि चाकाखाली दगड सारायचा. निघताना दगड काढायचा, पळत यायचं आणि चालत्या गाडीत चढायचं. आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक ट्रॉलीवर असा एक दगडवाला असतो. दगड निवडण्यात त्याचं कौशल्य असतं. फार गोल चालत नाही, चाक त्याच्यावरून जातं; फार मोठा चालत नाही, उचलत नाही. एकदा मनासारखा दगड मिळाला की तो ट्रॉलीचाच होऊन जातो. ट्रॉली विकताना दगड सोबत देतात, असंही मी पाहिलं आहे. ट्यूबबद्दल घासाघीस होते, दगडाबद्दल नाही.

हसण्यासारखं यात काही नाही. जगातल्या बड्या बड्या रेल्वे कंपन्यांनी सुरुवातीला हेच केलं. इंजिन ड्रायव्हरने शिट्टी फुंकली की डब्यांच्या टपांवरून माणसं धावायची आणि एकेका डब्याचा ब्रेक हाताने फिरवायची. पाऊस असो की बर्फ. 1869 मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेचा ब्रेक काढला, तेव्हा कुठे ती माणसं हळूहळू टपावरून खाली उतरायला लागली. पुढे त्याने ती व्यवस्था उलटी केली, आणि खरी हुशारी तीच आहे: हवेच्या दाबाने ब्रेक लागत नाही, सुटतो. नळी तुटली, डबा निसटला, हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो. सहा नंबरवर एखादा मोठा ट्रेलर भर रस्त्यात खुंटून उभा असतो आणि मागे दूरवर हॉर्न वाजत असतात, तेव्हा बहुतेक वेळा त्याची हवाच गेलेली असते. बिघडलं की थांबणारं वाहन ते. आमचं बिघडलं की निघतं.

आपल्या रेल्वेने जानेवारी 2022 मध्ये गार्डसाहेबांचं पदनाम बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. शेवटच्या डब्यात बसून गाडीची काळजी वाहणारा माणूस मॅनेजर होत असेल, तर आमच्या दगडवाल्यालाही 'ट्रॉली मॅनेजर' म्हणायला हरकत नसावी. पगाराचं पुढे बघता येईल.

आता बोटीला मुळात रस्त्यावर यायचं कारण काय, हे सांगितलं पाहिजे. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा झाला आणि नवेगावबांधासारखा तलाव तिकडे गेला, तरी आम्ही पदवी परत केलेली नाही. यातले जुने तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे, बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले. जंगल तोडून गाव वसवायचं, मातीची पार घालून पाणी अडवायचं आणि त्यावर धान पिकवायचं, असा तो हिशेब. पुढे ते मालगुजारांचे झाले, 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. नाव मात्र अजून मालगुजारी तलावच. त्यांची बांधणी बघण्यासारखी आहे. पाणी हवं तेवढंच सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी पार न फोडता बाजूने निघून जायला सलंग. कोणी हायड्रॉलिक्स शिकलेलं नव्हतं, आणि पाणी धरणं, सोडणं, पुन्हा धरणं हे सगळं त्यांना येत होतं. पाण्याला ब्रेक लावणाऱ्या या पूर्वजांनी चाकाला मात्र लावला नाही. कारण उघड आहे. त्यांच्याकडे बैल होते.

पाणी आटायला लागलं की मासे आधी उथळ बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले काढायचे, मग मोठ्या तलावातले. म्हणून हंगामात बोट हिंडते. पूर्वी ढिवर बांधव झाडाच्या खोडातून कोरलेला डोंगा वापरायचे आणि तो बैलांच्या खाचरावर घालून न्यायचे. खाचराला ब्रेक नव्हता, पण ते ओढणाऱ्याला जीव होता. उतार आला की बैल आपसूक मागे रेलतात, जू मानेवर आणि शिंगांशी घट्ट घेतात आणि सगळा भार अंगावर तोलून एकेक पाऊल टाकतात. धुरकऱ्याने फक्त कासरा ताणायचा आणि तोंडाने 'हो हो' करायचं. ब्रेकमध्ये अक्कल बसवलेलं हे शेवटचं वाहन.

ज्या बैलांना थांबवायचंच नसतं त्यांचीही सोय आमच्या तालुक्यात आहे. पिंपळगाव सडकचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, सगळ्या झाडीपट्टीत नावाजलेला. हिवाळ्यात पट भरतो, घड्याळावर सेकंदांचे तुकडे मोजतात, आणि रात्री गावोगावी नाटकं होतात. पटाच्या छकड्याला ब्रेक लावण्याची सूचना आजवर कोणी केलेली नाही. करणाऱ्याला त्या गर्दीतून घरी यायचं असतं. शंकरपटाला मोठा ब्रेक लागला तो दिल्लीहून: 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रापुरता तो सुटला आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायमचा सोडवला. एवढी वर्षं दाबून धरलेला ब्रेक ट्रॅक्टर कंपनीलाही जमलेला नाही.

भाचा हे सगळं ऐकत होता. त्याचं घर तलावाकाठी आहे. मिनेसोटातल्या मोटारींच्या नंबर प्लेटवर 'दहा हजार तलाव' असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकर आणि त्यावरचे तलाव त्यांनी मोजले, ते 11,842 भरले, तरी प्लेटवर दहा हजारच. आमच्या एखाद्या सोसायटीने मोजले असते तर प्लेटवर बारा हजार आले असते आणि मोजणीचा भत्ता वेगळा. तिथे घरोघर बोट आणि बोटीगणिक ट्रेलर. आणि कायदा असा की बोटीसकट ट्रेलरचं वजन तीन हजार पौंड, म्हणजे साधारण 1,360 किलो झालं की त्याला स्वतःचा ब्रेक हवाच. इंग्लंडात तर 750 किलोच्या वरच हवा. शिवाय बोट रस्त्यावर नेताना तिच्या बुडाचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे एका तलावाचे किडे आणि शेवाळ दुसऱ्यात जात नाहीत. हे ऐकून सोसायटीच्या अध्यक्षांना समाधान वाटलं. म्हणाले, "आपल्या जुन्या डोंग्यांचे बूच त केव्हाचेच गेले जी. आपुन कायद्यातच हाओ."

मग वजनाचा हिशेब निघाला. फायबरची बोट तीनशे किलोच्या आतली, गाडी तेवढीच. मिनेसोटाच्या कायद्याने ब्रेक लागत नाही, सुटलो, असं म्हणेपर्यंत भाच्याने बोटीत बसलेल्यांकडे पाहिलं. मग जाळी ओली धरायची की कोरडी, बर्फ धरायचा की नाही, जावयाचं वजन कोणाच्या खात्यात, यावर चर्चा झाली. सगळं धरून गाडी कायद्याच्या वर गेली. माणसं उतरवली असती तर कायद्याच्या आत आली असती. पण तो पर्याय कोणी मांडला नाही आणि मांडला असता तर मतदानात पडला असता.

एका बाबतीत मात्र भाच्याला मंडळींनी गप्प केलं. तो सांगत होता की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या निदान दहा टक्के भार पुढे दांड्यावर पडला पाहिजे. मागचं वजन जास्त झालं तर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवायला लागतो. एक म्हातारे शांतपणे म्हणाले, "गाडी उलाळ नाई झाली पायजे, हेच ना?" बैलगाडी हाकणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. म्हणूनच अध्यक्षांना नेहमी बोटीच्या पुढच्या बाजूला बसवतात. लोकांना वाटतं पदामुळे.

ब्रेक बसवायचं ठरलं. कोणी ठरवलं हे नक्की सांगता येणार नाही. चहाच्या टपरीवर ठराव होत नाहीत, वातावरण होतं. भाच्याने कागदावर आकृती काढली आणि सगळे मिस्त्रीकडे गेले.

अमेरिकेत बोटीच्या ट्रेलरला जो ब्रेक असतो त्याला 'सर्ज ब्रेक' म्हणतात, आणि त्याची कल्पना मला फार आवडली. त्याला वायर नाही, ड्रायव्हरचा पाय नाही. गाडीचा दांडा दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा. पुढच्या वाहनाने वेग कमी केला की मागची गाडी सवयीप्रमाणे पुढे रेटते. त्या रेट्याने दांडा आत सरकतो, आतला दट्ट्या मास्टर सिलिंडर दाबतो, तेल नळीतून चाकांकडे जातं, ड्रममध्ये लायनर फाकतात आणि गाडी थांबते. जितकं जोरात ढकलाल तितका जोरात ब्रेक. ढकलणाऱ्याला त्याच्याच ढकलण्याने आवरायचं. ही युक्ती एसटीच्या दारात बसवता आली तर काय बहार येईल, असं माझ्या मनात येऊन गेलं. विजेचे ब्रेकही असतात, पण बोटीचा ट्रेलर दर वेळी चाकांसकट पाण्यात उतरतो, तिथे विजेचं काम भरवशाचं नाही.

मिस्त्रीने आकृती उलटी धरली, सुलटी धरली आणि म्हणाला, "हे त सोपं हाय." आमच्याकडचा कुठलाही मिस्त्री कुठल्याही यंत्राबद्दल हेच म्हणतो, आणि दहापैकी आठ वेळा ते खरं करून दाखवतो. उरलेल्या दोन वेळांची यंत्रं त्याच्या दुकानामागे गवतात असतात. त्या गवतातूनच त्याने जुन्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल काढला, ड्रमसकट. मास्टर सिलिंडर मारुती 800 चा. दांडा परत बाहेर यावा म्हणून स्प्रिंग मोटारसायकलच्या शॉकअपमधली. एकात एक बसणारे दोन पाइप मिळाले ते बोअरवेलवाल्याकडून. गाडी तयार झाली तेव्हा तिच्यात चार वेगवेगळ्या वाहनांचे आत्मे होते आणि रंग एकच, निळा, कारण तो उरलेला होता.

चाचणी कुठे घ्यायची? हा सगळा धानाचा सपाट मुलूख. उतार म्हणावा असा एक आमचा उड्डाणपूल आणि दुसरी तलावाची पार. पहिली चाचणी पुलावर झाली. रिकामी गाडी न्यायची असं ठरलं होतं. पण ब्रेकची गाडी पहिल्यांदा धावणार म्हटल्यावर बोट रोजच्यापेक्षा जास्त भरली. पुलाच्या उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. खरंच थांबली. ट्रॅक्टरला धक्का नाही, तिरकं जाणं नाही, जागच्या जागी. बोटीतली माणसं मात्र थांबली नाहीत. ती, जाळी, बर्फाची पेटी आणि डबे असे सगळे मिळून बोटीच्या नाकाशी जमा झाले. सगळ्यात खाली अध्यक्ष.

याच्यावर पुढे बरेच दिवस तक्रार चालली. तक्रार अशी की पूर्वी असं होत नव्हतं. आणि हे खरं होतं. पूर्वी ड्रायव्हरला पक्कं ठाऊक असायचं की मागे ब्रेक नाही. पुढे म्हैस दिसली की तो दोन शेतं आधीपासून गिअर उतरवत यायचा. ब्रेक आल्यापासून तो म्हशीपर्यंत जाऊन थांबायला लागला. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं, हे शाळेत शिकवतात. ब्रेक बसवला की वेग वाढतो, हे शिकवत नाहीत. माझं विचाराल तर ब्रेक हवा, तीन वेळा हवा. पण तो बसवल्यावर ड्रायव्हरच्या डोक्यातला जुना ब्रेक काढून टाकायची घाई करू नये.

गावातल्या रस्त्यावर वेगळाच प्रकार. ट्रॅक्टरचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की तो क्षणभर अडखळतो, मागची गाडी रेटते, दांडा सरकतो आणि ब्रेक लागतो. खड्डा संपला की सुटतो. असे खड्डे एकामागून एक असल्यामुळे बोट रस्त्यावरून लाटांवर चालल्यासारखी जायला लागली. जावई म्हणे बोट लागून आजारी पडला, पाण्यात उतरायच्या आधीच.

खरी गंमत तलावावर झाली. तोवर भाचा परत गेला होता. बोट पाण्यात उतरवायची तर पारीवरून उतारावर गाडी उलटी घ्यायची, चाकं पाण्यात जाईपर्यंत. ट्रॅक्टरने मागे ढकललं. दांडा आत सरकला. ब्रेक लागला. ड्रायव्हरने जास्त जोर लावला, ब्रेक जास्त जोरात लागला. अकरा माणसं उतरून गाडी मागे खेचायला लागली, ट्रॅक्टर पुढून रेटायला लागला आणि डोंग्याची गाडी पाण्यापासून हातभर अंतरावर चिखलात पाय रोवून उभी. कल्पनेतला न्याय बिनचूक होता: जितकं ढकलाल तितका ब्रेक. बोटीच्या गाडीला बसवलेल्या ब्रेकने बोटीला पाण्यात जाण्यापासून यशस्वीपणे वाचवलं होतं.

भाच्याला फोन लावला. तिकडे रात्र होती. स्पीकरवर तो म्हणाला, "मामाजी, त्याला सोलेनॉइड लागतो. रिव्हर्स लाइटच्या वायरला जोडायचा. रिव्हर्स टाकला की लाइट लागतो, त्या करंटने झडप बंद होते आणि तेल चाकांकडे जात नाही. इथे सगळ्यांना असतो."

मिस्त्री फोनकडे बघून म्हणाला, "बापा, ट्रॅक्टरले मांगचा साधा लाइट नाई, रिव्हर्सचा कुठून आनू?"

जरा वेळ दोन्ही देशांत शांतता झाली. मग भाच्याला आठवलं की काही जुन्या ट्रेलरांना हे सगळं नसायचं. दांड्याला भोक असायचं आणि मागे घेताना त्यात एक पिन घालायची, म्हणजे दांडा सरकतच नाही आणि ब्रेकही लागत नाही. रस्त्यावर यायच्या आधी पिन काढायची. हे मिस्त्रीला लगेच पटलं. वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकूनच तो ड्रिल मशीन आणायला गेला. भोक पडलं, ट्रॉलीच्या हुकाची जुनी पिन त्यात बसली, आणि गाडी अशी सरसर मागे गेली की बोटीआधी ट्रॅक्टरच तरंगतो की काय असं वाटलं. टाळ्या झाल्या.

आता पिन काढायचं काम कोणाचं? ड्रायव्हर म्हणाला, मी वर बसलेलो. मिस्त्री म्हणाला, माझं काम दुकानापर्यंत. अखेर ते दगडवाल्याकडे आलं. ब्रेक आल्यापासून तो तसा बेकारच होता. सोसायटीने त्याला बोटीतून उतरवलं नव्हतं, पण त्याच्या मांडीवरचा दगड लोकांना खुपायला लागला होता. त्याने काम मान्य केलं, फक्त दगडही राहू द्या म्हणाला. पिन घालायची, बोट उतरली की पिन काढायची. पहिल्या दिवशी त्याने ती काढली आणि चिखलात हरवली. शोधायला सगळा तलावकाठ पालथा घातला. दुसरी पिन आणली, ती काढून खिशात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तो पॅन्ट बदलून आला. त्यानंतर पिन हरवू नये म्हणून ती भोकातच ठेवायची, असा मार्ग निघाला.

गाडी पुन्हा पूर्वीसारखी चालायला लागली. खड्ड्यात लाटा नाहीत, नाकाशी माणसं जमा होत नाहीत, पारीवर अडत नाही. ड्रायव्हर म्हशीच्या दोन शेतं आधी गिअर उतरवायला लागला. "ब्रेक आता बराबर सेट झाला," असं मिस्त्री सगळ्यांना सांगतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'डोंग्याच्या गाडीस हायड्रॉलिक ब्रेक बसविणे' या खर्चाला टाळ्यांच्या गजरात मंजुरी मिळाली. अध्यक्षांनी भाषणात अमेरिकेतल्या तंत्रज्ञानाचा उल्लेख केला. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला. शेजारी बसलेल्या दगडवाल्यानेही केला, एकच, कारण दुसऱ्या हातात दगड होता.

ही कीर्ती पलीकडच्या गावापर्यंत गेली. तिथल्या सोसायटीची माणसं मागच्या आठवड्यात मिस्त्रीच्या दुकानात येऊन गेली. आम्हाला पण अशीच ब्रेकवाली गाडी पाहिजे म्हणाली. मिस्त्रीने भाव सांगितला, दांडा दाखवला, भोक दाखवलं, पिन दाखवली. त्यांच्यातला एक जाणता माणूस खाली बसून पिन हलवून बघत होता.

"हे हरपते म्हनता ना जी?"

"हरपते कधी कधी."

"मंग पिन कायले ठेवता? आमच्या गाडीची वेल्डिंगच करून द्या."

मिस्त्रीने वेल्डिंगचे वीस रुपये जास्त सांगितले. आता त्या विसावर घासाघीस चालू आहे.